पडद्याआडचा पेला

कायद्याने बंद केलेली वस्तू समाजातून नाहीशी होते, की केवळ नजरेआड जाते? मुंबईच्या दारूबंदीचा इतिहास या प्रश्नावर पुरेसा बोलका आहे.

बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने १९३९ साली मुंबई शहरात दारूबंदीचा पहिला प्रयोग केला. अबकारी उत्पन्नाची तूट भरून काढण्यासाठी शहरातील स्थावर मिळकतींवर नवा कर बसवावा लागला. स्वातंत्र्यानंतर मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ आला आणि १९५० च्या एप्रिलपासून संपूर्ण दारूबंदी सुरू झाली. एफ. एन. बलसारा यांनी त्यास आव्हान दिले. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने औषधे व प्रसाधनांसंबंधीच्या काही तरतुदी रद्द ठरवल्या, मात्र मूळ कायदा कायम राखला. प्रकृतीच्या कारणास्तव परवाना मिळत असे. ज्यांची ऐपत होती, त्यांची प्रकृती अशा प्रकारे सोयीने बिघडू लागली!

ज्यांना परवाना परवडत नव्हता, त्यांच्यासाठी 'आंटीचे अड्डे' उघडले. धोबीतलाव, वांद्रे अशा वस्त्यांतून अनेक ख्रिस्ती स्त्रिया, त्यांत कित्येक विधवा, राहत्या घराच्या पुढच्या खोलीत गिऱ्हाईक बसवीत. बाहेर पाटी नसे. ओळखीवर दार उघडे. उकडलेली अंडी, खारे चणे आणि काचेच्या ग्लासातली गावठी. गूळ व नवसागर घालून आंबवलेले रसायन खाडीकाठच्या भट्ट्यांवर उतरवले जाई आणि रबरी ट्यूबांतून शहरात येई. अमेरिकेत १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात असेच 'स्पीकईझी' नावाचे गुप्त गुत्ते चालत.

आयुष्यभर जमाखर्च पाहिलेल्या माणसाला यातील दुसरी बाजू अधिक जाणवते. सरकारचे उत्पन्न बुडाले, पण पिणाऱ्याचा पैसा घरात शिल्लक राहिला नाही. तो भट्टीवाल्याकडे व हप्त्यांकडे वळला. या बेहिशेबी पैशावरच वरदराजन मुदलियारसारख्यांचे साम्राज्य उभे राहिले. वसंतराव नाईक यांच्या कारकिर्दीत निर्बंध शिथिल झाले, आणि आंटीचे अड्डे ओसरले.

आपला फुलचूर-गोंदियाचा प्रदेश १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता. मुंबईचा कायदा विदर्भास १९५९ साली लागू झाला. पण मोहफुलांच्या या मुलुखात भट्टीसाठी खाडी शोधावी लागत नाही. जंगलच पुरेसे असते. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि चोरट्या दारूशी तेथील झुंज आजही संपलेली नाही.

म्हणून बंदीच निरर्थक, असे म्हणणे मात्र उतावीळपणाचे होईल. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. तेथे सरसकट दारूबंदी नव्हती. स्वस्त दारूची ओढ आणि दारिद्र्य यांची सांगड बंदीवाचूनही बळी घेते.

आपल्याकडे मद्याची गणना सप्तव्यसनांत होते आणि त्याचा त्याग व्रत म्हणून केला जातो. व्रत आणि कायदा यांत मोठे अंतर आहे. व्रताला पहारेकरी लागत नाही. कायद्याला तो लागतो, आणि पहारेकरी विकत घेता येतो. यांच्या मधली वाट महाराष्ट्रातील अनेक गावांच्या स्त्रियांनी दाखवली आहे. 'आडव्या बाटली'ला निम्म्याहून अधिक मते देऊन त्यांनी परवान्याची दुकाने बंद पाडली. मत देणारी स्त्री दुसऱ्या दिवसापासून स्वतःच पहाऱ्यावर असते. बंदी टिकते ती अशाच ठिकाणी.