आजीच्या साड्यांची गोधडी: न कापता कशी शिवायची?

(पॉडकास्टच्या या भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' बरेचसे काढलेत, सगळे नाही.)

आज कोड नाही, ॲप नाही. आज सुई-दोरा. घरात आजीच्या साड्यांचा गठ्ठा पडून असतो. त्या कुणी नेसणार नाही, आणि कुणाला देऊन टाकायला मन होत नाही. मग एक दिवस कुणीतरी म्हणतं, "अरे, गोधडी शिवू या की!" आणि लगेच आईचा चेहरा पडतो, कारण गोधडी म्हटलं की डोळ्यासमोर आधी कात्री येते.

आमच्याकडे अगदी हेच झालं. आजीच्या दोन इरकल नऊवारी होत्या आणि आई म्हणाली, "कापायच्या नाहीत." वाद तिथेच थांबला असता. पण गोधडीची जुनी पद्धत नीट बघितली ना, तर कापायची गरजच नाही हे लक्षात येतं.

हिशोब बघा. नऊवारी म्हणजे नऊ वार, साधारण ८.२ मीटर. पन्हा साधारण १.१५ मीटर. तिला लांबीत घडी घाला, परत एकदा घडी घाला. झाले चार थर, २.०५ बाय १.१५ मीटर. एका माणसाचं पांघरूण तयार! एकही तुकडा न कापता. वर धावदोरा घातला की झाली गोधडी. पुढे कधी कुणाला वाटलं की साडी परत हवी, तर दोरा उसवायचा, साडी परत. सुईची बारीक भोकं राहतात, तीही एक-दोन धुण्यांत बरीचशी बुजतात. आमच्या लाडक्या भाषेत सांगायचं तर 'अनडू' चालतं. कात्रीला अनडू नाही. आईला हे पटलं, आणि मला वाटतं ज्यांच्या घरात माणूस जाऊन फार दिवस झाले नाहीत त्यांनी असंच करावं. कापायचं की नाही हे दोन वर्षांनीही ठरवता येतं.

आता मुळात गोधडी टिकते कशामुळे, हे समजून घेऊ. रजईत कापूस भरलेला असतो. तो गोळा झाला की पिंजाऱ्याकडून पिंजून घ्यायचा, घरी धुता येत नाही. गोधडीत, काही भागांत तिला वाकळ म्हणतात, वेगळं भरण नसतंच. कापडाचेच थर. दोन थरांमध्ये जी हवा अडकते ती ऊब देते, आणि थर जागेवर ठेवण्याचं सगळं काम टाका करतो. म्हणून दोन ओळींमधलं अंतर हा सगळ्यात महत्त्वाचा आकडा. कापड विरलेलं असेल तर ओळी २ सेंटिमीटरवर घ्या, कारण ताण जितक्या जास्त टाक्यांत वाटला जाईल तितकं जुनं कापड कमी फाटतं. कापड दणकट असेल तर ४ सेंटिमीटरही चालतं. त्याहून लांब गेलात तर मशीनच्या पहिल्या धुण्यातच आतले थर सरकून गोळा होतात.

तुम्ही म्हणाल, यूट्यूबवर तर वेगळंच दाखवतात. गोल पात्याचा कटर, खाली हिरवी मॅट, इंचाच्या चौथ्या भागाची शिलाई, मध्ये पॉलिएस्टरचं भरण. ते 'मॉडर्न क्विल्ट'. मस्त दिसतं, मी नाही म्हणत नाही. पण त्यातले मोठे सपाट रंग आणि मुद्दाम वाकडे ठेवलेले चौकोन बघा. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायका शेतात घालायचे जुने कपडे, जीन्स असं हाताला येईल ते जोडून असंच शिवत आल्या. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये त्यांच्या क्विल्ट भिंतीवर लागल्या, २००६ मध्ये त्यांच्यावर अमेरिकेची टपाल तिकिटं निघाली. आज 'मॉडर्न' म्हणून शिवणारे अनेकजण त्यांचं नाव घेतात. म्हणजे ही गोष्ट महागड्या कटरमधून आलेली नाही, जुन्या कपड्यांतून आलीये.

आणि आपल्या शेजारचं उदाहरण घ्या. उत्तर कन्नडमधल्या यल्लापूर, हल्याळ भागात सिद्दी समाज राहतो. मूळचे आफ्रिकेतले, आणि त्यांच्यात कोकणी बोलणारे बरेच. त्यांच्या बायका जी गोधडी शिवतात तिला कवंदी म्हणतात. पाश्चात्त्य क्विल्टमध्ये आधी वरचं कापड पूर्ण जोडून घेतात, मग मधून बाहेर शिवत जातात, म्हणजे झोळ कडेला निघून जातो. कवंदी बरोबर उलटी! कडेपासून सुरुवात, आणि गोल गोल फिरत मध्यावर शेवट. मग झोळ मध्ये साठत नाही का? नाही, कारण ठिगळं आधीपासून जोडलेली नसतात. पुढचं ठिगळ त्या त्या वेळी ठेवायचं, कडा आत मुडपायची, शिवायचं. जिथे जसं कापड बसतं तसं बसवत जायचं. शेवटी चारही कोपऱ्यांना घड्या घातलेल्या कापडाची छोटी फुलं लावतात. ती नसली तर कवंदी अपुरी.

तर पहिल्या गोधडीसाठी माझा सल्ला. आधी कापड ओळखा. साडीच्या कडेचे दोन-चार धागे काढून बेसिनवर चिमट्यात धरून जाळा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख होते. सिंथेटिक वितळून कडक मणी होतो. सिंथेटिक साडी गोधडीत नको. सुई अडते, थर घसरतात आणि अंगाला घाम येतो. मरून किंवा लाल साडी असेल तर पांढरं फडकं ओलं करून घासून बघा. रंग लागला तर ती वेगळी दोन-तीनदा धुवा, नाहीतर पूर्ण गोधडी गुलाबी. नवीन सुती कापड वापरणार असाल तर तेही आधी धुऊनच, कारण ते आटतं.

मग फरशीवर अंथरा, सुरकुत्या काढा आणि वीतभर अंतरावर लांब लांब कच्चे टाके घाला. ही पायरी कंटाळवाणी आहे आणि हीच टाळली जाते. टाळू नका. मग पक्का दोरा. पर्ल कॉटनचा ८ नंबरचा १० ग्रॅमचा गोळा साधारण ८० ते ८५ मीटर भरतो. चार थरांतून एका वेळी चार-पाच टाके सुईवर घ्यायचे आणि ओढायचे. दाभण नको, मोठी भोकं पडतात. लांब, बारीक आणि मोठ्या नेढ्याची सुई घ्या. मधल्या बोटात अंगुस्तान घाला, नाहीतर तिसऱ्या दिवशी टायपिंग करताना आठवण येईल.

वेळ किती? आमच्या नऊवारीला २ सेंटिमीटरवर ५७ ओळी, प्रत्येक २.०५ मीटर, म्हणजे ११७ मीटर धावदोरा. दोन गोळे पुरतात. मला एका मीटरला साधारण ६ मिनिटं लागतात. म्हणजे जवळजवळ १२ तास. रोज जेवण झाल्यावर तासभर, असे दोन आठवडे.

एवढा धीर नसेल तर छोटं काहीतरी करा. बाळाचं दुपटं घ्या, ९० सेंटिमीटर बाय १ मीटर, तीन थर, साडेचार तासांत होतं. फक्त त्यात जर नको, टिकल्या नकोत, बटणं नकोत. किंवा लॅपटॉपची पिशवी. इथे एकच युक्ती लक्षात ठेवा. लॅपटॉपच्या मापाचं कापड कापून मग शिवू नका. धावदोऱ्याने कापड थोडं आखडतं. आधी मोठा तुकडा शिवून घ्या, मग मापाने कापा, मग कडा बंद करा.

आणि स्वतः शिवायचं नसेल, विकत घ्यायची असेल तर? मध्यंतरी एका ठिकाणी डबल बेडची 'हाताने शिवलेली' गोधडी ८०० रुपयांत दिसली. सात बाय साडेसात फूट, २ सेंटिमीटरच्या ओळी धरल्या तर साधारण २४३ मीटर धावदोरा. शिवणाऱ्या ताईंचा हात माझ्या दुप्पट वेगाचा धरला तरी १२ तास. कापड, दोरा, कुरिअर, दुकानदाराचा वाटा सगळं शून्य धरलं तरी ताशी ६७ रुपये होतात. आता एकतर ती गोधडी मशीनवर शिवलेली आहे, किंवा ओळी वीतभर अंतरावर आहेत, किंवा त्या ताईंना जवळजवळ काहीच मिळत नाहीये. म्हणून ऑर्डर देण्याआधी दोनच प्रश्न विचारा. दोन ओळींमधलं अंतर किती, आणि मागच्या बाजूचा फोटो पाठवाल का? हाताचा धावदोरा मागूनही तुटक दिसतो, मशीनची शिलाई दोन्ही बाजूंनी सलग.

आमच्या पहिल्या नऊवारीची गोधडी झालीये. दुसरी साडी आईने परत कपाटात ठेवलीये. पुढच्या भागात साधं घरगुती शिलाई मशीन घेऊन बसू, प्रश्न असतील तर पाठवून ठेवा.