दप्तरी राहिलेली ओळ
राळेगावच्या बाजारात आलेल्या कापसाचा हिशेब पायथन या संगणकभाषेच्या प्रॉम्प्टवर मांडताना क्विंटलचा आकडा चुकला, तरी सारी ओळ नव्याने लिहिण्याचे प्रयोजन उरत नाही; वरच्या बाणाची कळ दाबताच ती जशीच्या तशी परतते, १२ च्या जागी १३ केले की काम फत्ते. हे औदार्य दीर्घकाळ मुख्यतः ब्रायन फॉक्स यांनी आरंभिलेल्या व चेट रेमी यांनी वर्षानुवर्षे जोपासलेल्या ‘रीडलाइन’ या लायब्ररीचे होते. नावाची सुरुवातीची अक्षरे लिहिताच टॅब कळ उर्वरित अक्षरे पुरवते. कंट्रोल-आर जुनी नोंद शोधून काढते. जेथे रीडलाइन उपलब्ध आहे, तेथे २०१४ च्या ३.४ आवृत्तीपासून पायथनमध्ये टॅबने नाव पुरवण्याची आणि जुन्या ओळींचे दप्तर फाइलीत जपण्याची सोय आपोआप मिळू लागली. मात्र रीडलाइनवर चालताना ते दप्तर बहुधा सत्र रीतसर मिटल्यावरच फाइलीत दाखल होते. मध्येच वीज गेली, तर दुपारभराच्या ओळी हरपतात, आणि अशा वेळी एखाद्या विद्यार्थ्याला होणारी हळहळ मला फार जवळची वाटते.