एनक्लेक्सची तयारी: एक ओळ बदला आणि पुन्हा विचार करा

परदेशात नर्स म्हणून जायची तयारी करणाऱ्यांकडून एक वाक्य सारखं ऐकू येतं: "ढिगानं प्रश्न सोडवले, तरी स्कोअर हलत नाही." आज त्याच्यावरच बोलूया. ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं, त्यांच्यासाठी हा सगळा भाग इथे लिहून देतोय.

अमेरिकेत रजिस्टर्ड नर्स व्हायचं तर एनक्लेक्स-आरएन द्यावीच लागते. कॅनडातही तीच चालते. कमीत कमी ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०, वेळ पाच तास. तुमच्या उत्तरांवरून संगणक पुढचा प्रश्न निवडतो, हे जुनंच आहे. १ एप्रिल २०२३ पासून जे नवीन आलं, ते म्हणजे केस स्टडी. एकाच पेशंटवर सलग सहा प्रश्न, आणि अशा तीन केस प्रत्येकाला येतातच. सहाच का? कारण नर्सच्या डोक्यात जे चालतं त्याच्या परीक्षा घेणाऱ्यांनी सहा पायऱ्या केल्यात. खुणा ओळखा, त्यांचा अर्थ लावा, कुठली शक्यता सगळ्यात मोठी ते ठरवा, उपाय शोधा, कृती करा, आणि मग फरक पडला का ते बघा.

पायऱ्या पाठ करून काही होत नाही हो. त्यापेक्षा एक पेशंट घेऊ.

२८ वर्षांची बाळंतीण. नॉर्मल डिलिव्हरी होऊन दोन तास झालेत. पल्स ११८, बीपी १०४/६६. पॅड पंधरा मिनिटांत पूर्ण भिजलाय. गर्भाशय हाताला मऊ लागतंय, बेंबीच्या वर आहे आणि उजवीकडे सरकलंय. डिलिव्हरीनंतर लघवी झालेली नाही. आणि जुन्या नोंदीत एक छोटीशी ओळ: दमा आहे, इनहेलर घेते.

इथेच थांबा. पर्यायांवर बोट ठेवून झाका हवं तर. आधी स्वतःला मोठ्यानं सांगा, काय चाललंय?

बीपी बघून पुष्कळ जण निवांत होतात. पण गरोदरपणात अंगातलं रक्त वाढलेलं असतं, त्यामुळे बाळंतिणीचं बरंच रक्त गेलं तरी बीपी टिकून राहतं. आधी बोलते ती पल्स. म्हणजे ११८ आणि भिजलेला पॅड या दोन खुणा एकत्र वाचायच्या. मग गर्भाशय. ते मऊ आहे म्हणजे आकुंचन पावत नाहीये, म्हणून रक्तस्राव. पण उजवीकडे का सरकलं? भरलेलं मूत्राशय त्याला वर आणि बाजूला ढकलतंय, आकुंचन होऊ देत नाहीये. लघवी न झाल्याची ओळ तिथे उगाच लिहिलेली नाही.

आता कृती आपोआप सुचते. पेशंटला सोडून जायचं नाही, तिथूनच हाक मारून मदत बोलवायची, गर्भाशयाला मालिश सुरू करायचं, मूत्राशय रिकामं करायचं. स्वतःहून होत नसेल तर कॅथेटर. ऑर्डरप्रमाणे ऑक्सिटोसिन. आणि पर्यायांत कार्बोप्रोस्ट दिसलं तर? दमा आहे, त्यानं श्वासनलिका आवळू शकते. ती छोटीशी ओळ इथे कामाला येते.

शेवटची पायरी सगळे घाईत टाकून देतात. गर्भाशय घट्ट झालं का, मधोमध आलं का, रक्तस्राव कमी झाला का, पल्स उतरली का? हे बघितल्याशिवाय केस संपत नाही.

आता मुख्य गोष्ट. ही केस सोडवून लगेच पुढच्या प्रश्नावर उडी मारू नका. हीच केस ठेवा आणि एक ओळ बदला. समजा, गर्भाशय घट्ट आहे, मधोमध आहे, तरी लालभडक रक्ताची धार चालूच आहे. मग मालिश करून काय उपयोग? आता संशय कुठेतरी फाटल्याचा, टाके लागण्याचा. एक ओळ बदलली आणि अख्खा निर्णय फिरला. माझ्या मते अशा दहा केस उलटसुलट करणं हे दोनशे प्रश्न धडाधड संपवण्यापेक्षा जास्त कामाचं आहे. प्रश्नपेढी उत्तर बरोबर की चूक ते सांगते, पण तुमचा विचार कुठल्या पायरीवर घसरला ते तुम्हालाच शोधावं लागतं.

आपल्याकडे लेबर वॉर्डमध्ये काम केलेल्या सिस्टरांच्या हाताला हे सगळं माहीत असतं, बरं का. अडचण अशी की हात करतो ते तोंडानं सांगायची सवय नसते. "डॉक्टरांना कळवा" हा पर्याय दिसला की तिकडेच मन धावतं. कळवायचं असतंच, पण परीक्षा विचारते, पेशंटच्या अंगावर तुमचा हात असताना पहिलं काय कराल?

मार्कांचं गणितही समजून घ्या. 'लागू असतील ते सगळे निवडा' प्रकारात प्रत्येक बरोबर खुणेला एक मार्क मिळतो, चुकीच्या खुणेला एक कापला जातो. प्रश्नाचे एकूण मार्क शून्याखाली जात नाहीत. पूर्वी एक चुकलं की सगळंच गेलं, तसं आता नाही. पण "राहू दे, हेही टिक करू" ही सवय महागात पडते. फी २०० डॉलर, भारतातून देताना वर आणखी १५० आणि कर. नापास झालं तर पुन्हा बसायला निदान ४५ दिवस थांबायचं.

जाता जाता, औषधांची नावं. आपलं पॅरासिटामॉल तिकडे अ‍ॅसिटामिनोफेन, साल्ब्युटामॉल म्हणजे अल्ब्युटेरॉल, अ‍ॅड्रेनॅलिन म्हणजे एपिनेफ्रिन. वहीच्या मागच्या पानावर यादी करून ठेवा.

आणि हा गृहपाठ. तीच बाळंतीण, पण दमा नाही. बीपी १५८/१०२. गर्भाशय मालिश करूनही मऊच. ऑर्डरमध्ये लिहिलंय मिथाइलएर्गोनोव्हिन, म्हणजे आपलं मेथर्जिन. द्याल का? नाही देणार तर का नाही, आणि त्या मिनिटाला हातानं काय करत राहाल? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात त्यावर बोलू.