तरुण कर्मचारी आणि नेतृत्वाची शैली

तरुण कर्मचाऱ्यांना धाक चालत नाही, म्हणून त्यांना पूर्ण मोकळीक द्यावी, असे अनेक व्यवस्थापकांना वाटते. मात्र ही दोन्ही टोके घातक ठरतात. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील आयोवा येथे मुलांच्या गटांवर केलेला प्रयोग १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. हुकूमशाही नेता खोलीबाहेर जाताच मुलांचे काम मंदावे. विचारविनिमयाने चालणाऱ्या गटात ते बऱ्यापैकी सुरू राही. सर्वस्वी मोकळ्या सोडलेल्या गटात मात्र काम कमी आणि सुमार झाले.

पॉल हर्सी व केन ब्लँचर्ड यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार, नेतृत्वाची शैली कर्मचाऱ्याच्या त्या-त्या कामातील तयारीनुसार बदलावी. नवख्याला प्रथम स्पष्ट सूचना द्याव्यात. हात बसू लागला की त्यांमागील कारणे समजावून सांगावीत, पुढे निर्णयात सहभागी करून घ्यावे आणि अखेरीस जबाबदारी सोपवावी.

एखादी तरुणी संगणकाच्या कामात तरबेज, पण ग्राहकाशी वाटाघाटी करण्यात नवखी असू शकते. पहिल्या कामात सतत देखरेख ठेवल्यास ती नोकरी सोडण्याचा विचार करील. दुसऱ्यात एकटी सोडल्यास अपयश तिच्या माथी येईल. म्हणूनच व्यवस्थापकाने वयापेक्षा कामातील तयारी पाहणे हिताचे.