आपल्याच किरणांनी बिघडणारे औषध

छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ साली सुरू झाले. कर्करोगाच्या उपचारासाठी खेड्यापाड्यांतून शहरात येणाऱ्या काही रुग्णांना ‘पेट स्कॅन’ नावाची तपासणी करून घेण्यास सांगितले जाते. रोग शरीरात कोठवर पसरला आहे, हे या तपासणीने कळते. तिच्या मुळाशी असते ते शिरेतून टोचावयाचे एक किरणोत्सारी औषध. या औषधाचा एक विलक्षण दोष असा की, ते आपल्याच किरणांनी बिघडू शकते.

ग्लुकोजसदृश रेणूला किरणोत्सारी फ्लुओरीन-१८ जोडून हे औषध तयार करतात. कर्करोगाच्या बहुतेक गाठी ग्लुकोज अधिक प्रमाणात शोषून घेतात. त्यामुळे औषध तेथे साठते आणि गाठ चित्रात उजळून दिसते. फ्लुओरीन-१८ बनविण्यासाठी सायक्लोट्रॉन हे यंत्र लागते. देशातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ साली मुंबईतील परळ येथे, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या विकिरण औषध केंद्रात कार्यान्वित झाले.

येथे दोन गोष्टींतील भेद लक्षात घेतला पाहिजे. फ्लुओरीन-१८ चा किरणोत्सार दर ११० मिनिटांनी निम्मा होतो. हा निसर्गनियम असून तो कोणालाही बदलता येत नाही. दुसरा ऱ्हास मात्र रासायनिक आहे. कुपीतील पाण्यावर किरणांचा मारा होऊन पाण्याचे रेणू फुटतात व मुक्त मूलक नावाचे अतिक्रियाशील कण निर्माण होतात. ते औषधाच्या रेणूंवर आघात करतात आणि फ्लुओरीन सुटे होते. सुटे फ्लुओरीन गाठीकडे न जाता हाडांत जाऊन बसते. मग चित्रात हाडेच उजळतात आणि रोग हाडांत उतरला आहे काय, या प्रश्नाचे उत्तर संदिग्ध होते. उपचारांची दिशा या उत्तरावर ठरत असल्याने ही चूक महागात पडू शकते.

दूरच्या गावांसाठी हा प्रश्न अधिकच बिकट असतो. असे औषध मुंबईहून छत्रपती संभाजीनगरास रस्त्याने न्यावयाचे आहे, असे उदाहरणादाखल समजू. अंतर सुमारे सव्वातीनशे किलोमीटर. प्रवासास साडेपाच तास लागले, तर किरणोत्साराचा आठवा हिस्साच उरेल. म्हणून निघतानाच आठपट किरणोत्सार भरावा लागेल. परंतु कुपीतील द्रव जितका तीव्र, तितका आतील बिघाडही अधिक.

हा दुसरा ऱ्हास टाळण्याचे उपाय साधे आहेत. औषधात अत्यल्प अल्कोहोल मिसळतात; मुक्त मूलकांचा आघात ते स्वतःवर घेते आणि औषध बचावते. द्रव फार तीव्र न ठेवता पातळ करणे, हा दुसरा उपाय. तुर्भे येथील ध्रुव अणुभट्टीत तयार होणाऱ्या ल्युटेशियम-१७७ पासून बनविलेल्या उपचार-औषधांत क जीवनसत्त्व किंवा जेंटिसिक आम्ल घालतात. आयोडीन-१३१ युक्त काही औषधे गोठवून पाठवितात, कारण गोठलेल्या द्रवात मुक्त मूलकांचा संचार मंदावतो. टेक्नेशियम-९९एम हे द्रव्य तर रुग्णालयातच जनित्रातून काढून ताजे वापरता येते. अशी जनित्रे वाशी येथील विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळ पुरविते.

इतके करूनही तपासणी चुकत नाही. औषधाचा थेंब विशिष्ट पट्टीवर चढवून किती भाग शाबूत आहे, ते मोजतात. पेट स्कॅनच्या या औषधासाठी निरनिराळ्या औषधकोशांनी ९० ते ९५ टक्के शुद्धतेची किमान मर्यादा घातली आहे.

सरपंच, शिक्षक व कर्मचारी यांनी गावातील रुग्णास एवढे अवश्य समजावून द्यावे की, ही मात्रा ठराविक वेळेचा हिशोब धरून तयार केलेली असते. ती उद्यासाठी राखून ठेवता येत नाही. नेमून दिलेल्या वेळेस, सांगितल्याप्रमाणे उपाशीपोटी आणि मधुमेह असल्यास त्याची पूर्वकल्पना देऊन रुग्ण हजर झाला, तरच औषध निर्दोष राखण्यासाठी घेतलेले परिश्रम सार्थकी लागतील.