बुलेटिनमधला ‘फेअर’ म्हणजे नेमकं काय?



काल पहाटे एका तरुण सभासदाचा फोन आला. “सेक्रेटरीबाब, बुलेटिनात फेअर आलंय, म्हणजे जायला हरकत नाही ना?” मी विचारलं, समुद्राची ओळ वाचलीस का? नव्हती वाचली. म्हणून हे लिहितोय.

फेअर या इंग्रजी शब्दाला अर्थ बरेच. रेशनचं फेअर प्राइस शॉप म्हणजे रास्त भावाचं दुकान. जत्रेलाही फेअर म्हणतात, गोऱ्या रंगालाही. हवामानात मात्र त्याचा अर्थ उघडीप. पाऊस नाही, गडगडाट नाही, आभाळ मोकळं किंवा थोडेफार ढग. म्हणजे फेअर हा आभाळाचा शब्द आहे, पाण्याचा नव्हे.

हवामान खात्याच्या बुलेटिनात वारा, हवामान, किती लांबचं दिसेल आणि समुद्राची स्थिती हे सगळं वेगवेगळं दिलेलं असतं. फेअर येतो तो हवामानापुढे. आपण बघायचं समुद्रापुढे काय लिहिलंय ते. तिथे स्लाइट असेल तर लाटा अर्धा ते सव्वा मीटर. मॉडरेट म्हणजे १.२५ ते २.५ मीटर. हा शब्द फसवा आहे हां! ऐकायला मध्यम वाटतो, पण अडीच मीटरची लाट उभ्या माणसाच्या डोक्यावरून जाते. रफ म्हणजे २.५ ते ४ मीटर, त्याबद्दल वेगळं सांगायला नको.

दुसरं असं, की दूर दक्षिणेकडे हिंदी महासागरात वादळ झालं तर त्याच्या लांब लाटा काही दिवसांनी आपल्या किनाऱ्याला येऊन पोचतात. इथे स्वच्छ ऊन, वारा पडलेला, बुलेटिनात फेअर, आणि पाणी उसळलेलं. केरळचे मच्छीमार याला ‘कल्लक्कडल’ म्हणतात, चोरासारखा येणारा समुद्र. खोल पाण्यात ही लाट जाणवतही नाही, होडी हळूच वर जाते, हळूच खाली येते. उथळात मात्र ती उभी राहते आणि फुटते. म्हणून साळ किंवा शापोरा नदीच्या मुखावर, रेतीच्या पट्ट्याशी, परत येताना घात होतो. याचा इशारा हैदराबादची इन्कॉइस संस्था देते. फेअर दिसला तरी तो बघायचाच.

या शब्दांचा मराठी तक्ता सोसायटीच्या फळ्यावर लावलाय. तरीही अडलं तर मला फोन करा. पहाटेचे चार वाजले असले तरी चालेल, फक्त इंजिन सुरू करायच्या आधी करा.