फ्रेमिंगहॅमची वही

वडीलधाऱ्यांचा रक्तदाब तपासून झाला, की पूर्वीचे डॉक्टर एक सोपा हिशेब सांगत : वयात शंभर मिळवा, तेवढा दाब असायचाच. साठीच्या माणसाला एकशेसाठ म्हणजे काळजीचे कारण नाही. आमच्या आजोबांनी या हिशेबावर विसंबून दिवस काढले आणि एके सकाळी पूजेला बसले असतानाच त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. डॉक्टरांना बोल लावण्यात अर्थ नाही. तेव्हा जगभर हेच शिकविले जाई.

अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचेच पाहा ना. मार्च १९४४ मध्ये त्यांचा रक्तदाब १८६ वर १०८ भरला होता, तरी वयोमानाप्रमाणे प्रकृती ठीक आहे, असेच त्यांचे खासगी वैद्य सांगत राहिले. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, तेव्हा तो आकडा ३०० वर १९० पर्यंत चढला होता. राष्ट्राच्या पहिल्या नागरिकाची ही कथा, तर इतरांची काय सांगावी?

त्यानंतर तीन वर्षांनी, १९४८ साली, अमेरिकन सरकारने बोस्टनच्या पश्चिमेस सुमारे वीस मैलांवरील फ्रेमिंगहॅम या गावी एक प्रयोग आरंभिला. गावाची वस्ती अठ्ठावीस हजारांच्या आसपास. साथीच्या रोगांचा अभ्यास यापूर्वी पुष्कळ झाला होता. परंतु हृदयविकार ही काही साथ नव्हे. तो वर्षानुवर्षे आतल्या आत वाढतो आणि एका क्षणी प्रकट होतो. आजारी माणसाला प्रश्न विचारून त्याचा उगम सापडत नाही, कारण आजारपणाने त्याच्या सवयी, त्याचे वजन, एवढेच काय, त्याच्या आठवणीही बदललेल्या असतात. म्हणून या संशोधकांनी उलट वाट धरली. धडधाकट माणसे निवडायची, त्यांचे सारे काही लिहून ठेवायचे आणि वाट पाहायची. कोण आजारी पडतो ते काळच सांगेल. मग वहीची जुनी पाने उलटून पाहायची.

२,३३६ पुरुष आणि २,८७३ स्त्रिया पुढे आल्या. स्त्रियांचा आकडा मुद्दाम दिला आहे. हृदयविकार हा पुरुषांचा रोग मानण्याच्या त्या काळात ही दूरदृष्टी थोडीथोडकी नव्हे. दर दोन वर्षांनी ही मंडळी तपासणीस येत. औषध मिळत नसे, पैसा मिळत नसे. शेजारणीने शेजारणीला नेले, भावाने भावाला. आमच्या मते या अभ्यासाचे खरे नायक तेच. थॉमस डॉबर यांच्यासारख्या डॉक्टरांची बुद्धी मोठी खरीच, पण पोटच्या पोरासारखी त्या वहीची काळजी वाहिली ती गावाने.

१९६१ साली त्या वहीतून जो निबंध निघाला, त्यातून ‘जोखमीचे घटक’ हा शब्दप्रयोग वैद्यकात रूढ झाला. वाढलेला रक्तदाब, रक्तातील कोलेस्टेरॉल, सिगारेट : हे पुढे घडणाऱ्या आजाराचे पूर्वसूचक ठरले. वयाबरोबर दाब वाढणे निरुपद्रवी, ही समजूत कोसळली. वरचा आकडा दुर्लक्षिण्याजोगा नाही, हेही पुढे दिसून आले. आणखी एक गोष्ट चटका लावणारी : दर चार झटक्यांपैकी एकाहून अधिक झटके रुग्णाला कळलेच नव्हते, हृदयाच्या नेहमीच्या आलेखात ते नंतर सापडले.

साठीच्या दशकाच्या अखेरीस सरकारने हात आखडता घेतला. अभ्यास बंद पडायचा. पण देणग्या गोळा झाल्या, बोस्टन विद्यापीठ पाठीशी उभे राहिले, १९७१ मध्ये मूळ मंडळींची मुले व त्यांचे जोडीदार दाखल झाले आणि २००२ मध्ये नातवंडेही.

तथापि एक उणीव होती. गाव बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांचे. त्यांचे मोजमाप आम्हाला कसे लागू पडावे? २००४ साली ५२ देशांतील हृदयरुग्णांचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात कारणे सर्वत्र तीच आढळली. मात्र दक्षिण आशियातील माणसाला पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी, इतरांना जवळजवळ ५९ व्या. सहा वर्षे! घरातल्या कर्त्या माणसाची सहा वर्षे म्हणजे काय, ते ज्याच्या मुलीचे लग्न व्हायचे आहे त्याला विचारावे.

असे का, याचा एक धागा पुण्याजवळ सापडतो. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून तेथील सहा खेड्यांतील मातांची व अपत्यांची नोंद ठेवली. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनचे नवजात बाळ सुमारे साडेतीन किलोचे, तर आपले २.७ किलोचे. पण कमी पडले होते ते मुख्यतः स्नायू आणि पोटातील अवयव. त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने शाबूत होती. दिसायला किडकिडीत, आतून मेदयुक्त! अशा शरीरात मधुमेह लवकर शिरतो आणि मधुमेहामागून हृदयविकार. ‘आमचा बाब्या तर काडीसारखा आहे, त्याला कसला धोका?’ असे म्हणणाऱ्या आयांनी हे अवश्य ध्यानी घ्यावे.

त्या खेड्यांतील बाळे आता स्वतः आईबाप होण्याच्या वयाची झाली आहेत.